'चिल्ड्रन्स' लिहिणाऱ्या मुलाची बाजू

देवळालीच्या मळ्यांत बैल एक असो कीं दोन, शब्द 'बैल'च राहतो, ऊसहि तसाच. मग इंग्रजींत एक 'ऑक्स' आणि दोन 'ऑक्सेन' कां, हें मुलास कोणी समजावीत नाहीं. यादी तेवढी घोकावयास देतात. तो 'चिल्ड्रन्स' लिहितो आणि वर्ग हंसतो. वस्तुतः जुन्या काळीं इंग्लंडांत 'चिल्डर' हेंच अनेकवचन होतें. लोकांनीं त्यास आणखी 'एन' जोडला. आमच्या मुलानें तिसरा प्रत्यय जोडला, इतकेंच!

'माय फादर आर' ही चूक तर आम्हांस सभ्यच वाटते. 'बाबा आले', 'पाळकसाहेब बसले' असा आदर घरीं अनेकवचनानें शिकलेलें मूल तोच इंग्रजींत नेतें. इंग्रज स्वतःच्या बापासहि 'इज'च लावतो, एवढें त्यास सांगावें.

विल्यम केरी या मिशनरीनें १८०५ सालीं, म्हणजे दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणाआधीं ३१ वर्षें, मराठीचें व्याकरण छापलें. परक्यास आमचीं वचनें नियमानें समजून घ्यावीं लागलीं. आमच्या मुलांनीं त्याचीं केवळ घोकावीं काय? आंबा-आंबे, घर-घरें, गाय-गाई आधीं फळ्यावर यावें, मग 'एस'. पालकांनींहि घरीं हंसूं नये.

आम्ही वर्गांत हाच क्रम धरला आहे. गुण फारसे वाढले नाहींत. उत्तरासाठीं हात मात्र अधिक वर होऊं लागले आहेत.