सातपुड्यातील धाप आणि मोबाइलवरची शाळा

फुप्फुसाच्या जुनाट विकाराने ग्रासलेल्या रुग्णांना इंटरनेटच्या साहाय्याने घरबसल्या शिक्षण द्यावे, ही कल्पना आता वैद्यकीय वर्तुळात मान्यता पावली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. सीओपीडीसारख्या आजारात एकदा झिजलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. औषध काही भार उचलते, उरलेला रुग्णाने स्वतःच उचलायचा असतो. पंप कसा ओढावा, ओठ आवळून श्वास हळूहळू कसा सोडावा, धाप लागत असूनही रोज किती चालावे, बेडक्याचा रंग पालटला तर दवाखाना केव्हा गाठावा, हे सारे शिकावे लागते. असे शिक्षण व व्यायाम दुरून दिला तरी केंद्रात जाऊन घेतलेल्या उपचाराच्या जवळपास तितकाच गुण येतो, असा निष्कर्ष २०२१ साली कॉक्रेनच्या आढाव्याने काढला. तेव्हा वाद साधनाविषयी नाही. ते कोणाच्या हाती पडणार, हा खरा प्रश्न आहे, आणि तो नंदुरबार जिल्ह्याइतका उघडावाघडा क्वचितच कोठे दिसेल.

२०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा अंदाज आहे. या आजाराच्या ओझ्यातील निम्म्याहून अधिक वाटा घरातील व बाहेरील दूषित हवेचा आणि सुमारे चतुर्थांश तंबाखूचा. म्हणजे 'विडी ओढणाऱ्या पुरुषांचा रोग' ही आपली जुनी समजूत अपुरी आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर कुडाच्या घरात चूल पेटते, तिच्यावर भाकरी भाजते आणि थंडीत तीच ऊबही देते. त्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईने विडीला हात लावलेला नसतो, तरी पन्नाशीत चढण चढताना तिचा ऊर भरून येतो. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी अनेक घरांत पोहोचली. परंतु दुसरी टाकी भरण्याइतका पैसा गाठीला नसेल तर लाकूडफाटा सुटत नाही. क्षयातून बरे झालेल्यांपैकी काहींची फुप्फुसे कायमची अधू राहतात, तेही याच रांगेत येतात.

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत देण्यात आला. माणसाच्या बोटांचे ठसे संगणकात नोंदविण्यासाठी राजसत्ता सातपुड्याच्या पायथ्याशी येऊ शकली. त्याच माणसाला श्वास कसा घ्यावा हे शिकविण्यासाठी तिने डोंगरही चढावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या तेव्हा रेंज शोधत मुलांना टेकड्यांवर चढावे लागले. मुले चढली. ज्याला दहा पावलांत धाप लागते त्या रुग्णाने श्वासाचा धडा ऐकण्यासाठी टेकडी चढावी काय? शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याजोगा मोबाइल होता. चुलीपुढे बसणारी बाई बहुधा उरलेल्या ४६ टक्क्यांतली.

भाषेची अडचण याहून खोल आहे. प्रमाण मराठीतील 'फुप्फुसांचे पुनर्वसन' हा शब्दप्रयोग पावरी, भिलोरी वा मावची बोलणाऱ्या रुग्णाला इंग्रजीइतकाच परका. (पुनर्वसन म्हटल्यावर नर्मदाकाठच्या माणसाला वेगळेच काही आठवेल, आणि ते सुखद नसेल.) याच खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांनी मुलांना त्यांच्या बोलीतून शिकवता येते हे दाखवून दिले. आरोग्यशिक्षणाने हा धडा अद्याप घेतलेला नाही.

तरीही मोबाइलवरचे शिक्षण येथे निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. एका अर्थी येथेच त्याची गरज अधिक. दिवाळीनंतर नवापूर-नंदुरबारकडील कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. फडावर जाताना माणूस आपले उपकेंद्र बरोबर नेऊ शकत नाही, खिशातला फोन नेऊ शकतो. मात्र त्यासाठी धडे बोलीत हवेत, ऐकण्याजोगे हवेत आणि एकदा उतरवून घेतले की रेंजवाचून चालणारे हवेत. आणि शिकवणारे माणूस हवे. पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ बसला नाही तर औषध घशातच राहते. रुग्णाची चूक पाहून ती तेथल्या तेथे दुरुस्त करणारे कोणी शेजारी असावे लागते. 'पंपाची सवय लागते' ही भीतीही चित्रफितीने जात नाही, ओळखीच्या माणसाच्या शब्दाने जाते.

ते माणूस म्हणजे गावची आशा. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हातात ऑक्सिमीटर घेऊन तीच घरोघर फिरली. तिलाच वाजवी मोबदल्यासाठी २०२१ व २०२३ साली संपावर जावे लागले. आता रुग्णशिक्षणाचे नवे काम तिच्या माथी मारायचे आणि मोबदल्याचा विषय निघताच 'स्वयंसेविका' म्हणून तिची बोळवण करायची, हा व्यवहार चालू देता कामा नये.

२०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हे धडे तयार करण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे, बोलीभाषक तरुणांना त्यात मानधनावर घ्यावे, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फुप्फुसाची क्षमता मोजण्याचे यंत्र ठेवावे आणि पंपाचा पुरवठा तेथे अखंड राहील याची हमी द्यावी. जो पंप केंद्रात मिळतच नाही तो कसा ओढावा याची चित्रफीत दाखविणे ही रुग्णाची थट्टा आहे. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा ठरताना आमदारांनी व जिल्हा परिषद सदस्यांनी पहिला प्रश्न या पंपांविषयी विचारावा. अॅपच्या उद्घाटनाची तारीख नंतर ठरवता येईल.