कॉलवरचा डॉक्टर किती मिनिटांत?

रेल्वेत अपघाताची खबर आली आणि भोंगा झाला की पुढे काय व्हायचे ते ठरलेले आहे. मेडिकल व्हॅन उभी असते त्या सायडिंगला दोन्ही बाजूंनी वाट असेल तर हुकूम मिळाल्यापासून १५ मिनिटांत, एकाच बाजूने वाट असेल तर २० मिनिटांत ती निघाली पाहिजे, असा नियम आहे. उशीर झाला तर जाब विचारला जातो. त्या व्हॅनमधून जाणारे डॉक्टर आणि ड्रेसर हे आपल्याच रेल्वे इस्पितळाचे लोक असतात. म्हणजे मिनिटांचा हिशेब ठेवणे रेल्वेला जमते आणि रेल्वेच्या डॉक्टरांनाही जमते.

मग आमचा साधा प्रश्न आहे. तोच जखमी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर त्याला लागणारा तज्ज्ञ किती मिनिटांत आला पाहिजे? याचे उत्तर कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लिहिलेले आम्ही तरी पाहिलेले नाही.

रात्रपाळी केलेल्या प्रत्येकाला हा अनुभव ओळखीचा वाटेल. यार्डात कोणाचा हात बफरमध्ये सापडतो, किंवा आरएमएसच्या डब्यात पिशव्या उतरवताना एखाद्याच्या छातीत कळ येते. साथीदार त्याला घेऊन इस्पितळात धावतात. ड्यूटीवर एकच तरुण डॉक्टर असतो. तो आपल्या परीने सर्व करतो. पट्टी बांधतो, सलाइन लावतो. पण हाडांचे डॉक्टर "कॉलवर" आहेत, हृदयाचे डॉक्टर "कॉलवर" आहेत. फोन लावला जातो. कधी तो लागत नाही. कधी शल्यचिकित्सक येतात, पण भूल देणारे डॉक्टर येत नाहीत, आणि भूलतज्ज्ञाशिवाय शस्त्रक्रिया होत नाही. शेवटी कागदावर एक शब्द लिहिला जातो : रेफर.

झाशीत राहणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. ३१ मार्च २००३ पर्यंत झाशी मंडळ मध्य रेल्वेत होते. त्या काळी मोठ्या उपचारासाठी येथील कामगार हजार किलोमीटरहून दूर, मुंबईला भायखळ्याच्या रेल्वे इस्पितळात जात असे. १ एप्रिल २००३ पासून मंडळ उत्तर मध्य रेल्वेत गेले आणि मुख्यालय प्रयागराज झाले. अंतर कमी झाले, पण अपघाताच्या रात्री चारशे किलोमीटर हेही अंतरच आहे. मग पर्याय उरतो शहरातील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाचा, नाहीतर शंभर किलोमीटरवरच्या ग्वाल्हेरचा.

झाशी हे जंक्शन आहे. दिल्ली, भोपाळ, कानपूर आणि माणिकपूरकडचे लोहमार्ग येथे मिळतात. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन मोठे महामार्गही येथेच एकमेकांना छेदतात. म्हणून गाडीतून पडलेला प्रवासी, रुळावर जखमी झालेला गँगमन, महामार्गावर चिरडलेला मोटारसायकलस्वार, असे सगळे येथेच आणले जातात. शिवाय १९६८ साली सुरू झालेल्या या वैद्यकीय महाविद्यालयावर साऱ्या बुंदेलखंडाचा भार आहे. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री तेथील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे त्याच रात्री दगावली. १८ खाटांच्या त्या कक्षात त्या वेळी ४९ बाळे होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. आगीची कारणे वेगळी आहेत, त्यांची येथे गल्लत करायची नाही. पण एका इस्पितळावर किती ओझे लादले आहे हे त्या दोन आकड्यांवरून कळते. आसपासची केंद्रे रुग्णाला सांभाळू शकत नाहीत, म्हणून सर्व वाटा एकाच दारात येतात.

आणि ती केंद्रे का सांभाळू शकत नाहीत? प्रत्येक सामुदायिक आरोग्य केंद्रात शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ असावेत, असे सरकारचेच प्रमाण आहे. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील या केंद्रांत असे जवळजवळ ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. तज्ज्ञच नेमलेला नसेल तर कॉल कोणाला पाठवणार?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल प्रत्येक कामगाराने माहीत करून घ्यावा, कारण तो एका कामगार संघटनेने मिळवलेला आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती या शेतमजुरांच्या संघटनेचा एक सभासद ८ जुलै १९९२ रोजी संध्याकाळी मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक केंद्रातून त्याला पुढे पाठवले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कलकत्त्यातील एकामागून एक सहा सरकारी संस्थांत नेण्यात आले. कोठे खाट रिकामी नव्हती, कोठे मेंदूच्या तातडीच्या उपचाराचा विभाग नव्हता, कोठे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोयच नव्हती. अखेर खाजगी इस्पितळात सुमारे १७,००० रुपये खर्चून तो वाचला.

समितीने ही गोष्ट नशिबावर सोडली नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मे १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी इस्पितळाने गरजू माणसाला वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्या शेतमजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली. त्याहून मोलाचे म्हणजे न्यायालयाने सांगितले की, पैसा नाही ही सबब चालणार नाही. रुग्णाला जेथे खाट आहे तेथेच पाठवता यावे यासाठी इस्पितळांना जोडणारी संपर्क व्यवस्था हवी, रुग्णवाहिका हव्यात, तातडीच्या रुग्णांसाठी पुरेशी साधने व माणसे हवीत. त्याआधी, १९८९ मध्ये, परमानंद कटारा प्रकरणात पोलिसी सोपस्कारांसाठी जखमीचा उपचार थांबवता येणार नाही हेही ठरले होते. निकाल आहेत. ते कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत पोहोचवायचे काम मात्र आपले आहे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतील खाजगी वैद्यक व्यवसायाचे आम्हाला मुळीच कौतुक नाही. पण तेथेही १९८६ च्या कायद्याने तातडीच्या विभागासाठी कॉलवरच्या तज्ज्ञांची यादी ठेवणे इस्पितळांना बंधनकारक केले. बोलावलेला तज्ज्ञ आला नाही आणि त्यामुळे रुग्णाला दुसरीकडे हलवावे लागले, तर त्या तज्ज्ञाचे नाव रुग्णाबरोबरच्या कागदांत लिहावे लागते. आपल्याकडे रेफरच्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव असते. कोण आले नाही आणि का आले नाही, याची ओळ नसते.

येथे एक इशारा आम्ही आपल्याच बांधवांना देऊ इच्छितो. हा राग ड्यूटीवरच्या डॉक्टरवर काढू नका. त्याची कॉलर धरल्याने भूलतज्ज्ञ येत नाही. तोही आपल्यासारखाच राबणारा माणूस आहे. निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावी, असे केंद्र सरकारने १९९२ च्या योजनेत लिहिले. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात एका तरुण डॉक्टर भगिनीची हत्या झाली, तेव्हा ती ३६ तासांच्या पाळीवर होती हे साऱ्या देशाला कळले. रनिंग स्टाफने १९७३ साली दहा तासांच्या ड्यूटीसाठी संप केला होता. झोपमोड झालेला माणूस सिग्नल चुकतो, हे आपण प्रशासनाला तेव्हापासून सांगत आलो. झोपमोड झालेला शल्यचिकित्सकही चुकतो. दिवसभर ओपीडी, रात्रभर कॉल आणि सकाळी पुन्हा ओपीडी, अशी पाळी लावणे म्हणजे कॉलवर माणूस असल्याचा देखावा करणे होय.

तसाच देखावा मानद तज्ज्ञांच्या नावाने चालतो. ठराविक वारी ठराविक तास येणारा तज्ज्ञ ओपीडीला उपयोगी आहे, पण त्याचे नाव पाटीवर आहे म्हणून रात्री दीड वाजता तो मिळेल असे नाही.

टपाल खात्यातील बांधवांची स्थिती आणखी बिकट आहे. त्यांना स्वतःचे इस्पितळ नाही. सीजीएचएस नसलेल्या गावी ते १९४४ च्या वैद्यकीय नियमांवर अवलंबून असतात. अपघातात जवळच्या खाजगी इस्पितळात जावे लागले की पुढे महिनोन्महिने बिलाचा पाठपुरावा करावा लागतो. केवळ पॅनेलवरचे इस्पितळ नव्हते म्हणून बिल नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शिवकांत झा प्रकरणात २०१८ साली स्पष्ट केले आहे. हा निकाल आपल्या शाखांनी अर्जात नमूद करावा. ग्रामीण डाक सेवक तर त्या नियमांत बसतच नाहीत. ऊन-पावसात सायकलवर टपाल नेणाऱ्याला हा हक्क नसावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१) कॉलवर असलेल्या तज्ज्ञांची विभागवार यादी, भूलतज्ज्ञासह, दररोज कॅज्युअल्टीत लावावी.

२) कॉलचे रजिस्टर ठेवावे. कॉल किती वाजता दिला, डॉक्टर किती वाजता आले, हे दोन्ही सहीनिशी लिहावे. ३० मिनिटांची मर्यादा असावी आणि ती संपताच दुसऱ्या तज्ज्ञाला कॉल जावा.

३) तज्ज्ञ उपलब्ध नसेल तर ते लगेच सांगावे. पुढच्या इस्पितळात खाट व तज्ज्ञ आहे याची फोनवर खात्री करून, कारण लिहून, रुग्णवाहिकेतूनच रुग्ण पाठवावा.

४) डॉक्टरांच्या रिक्त जागा भराव्यात. रात्रीच्या कॉलनंतर विश्रांती द्यावी, जवळ निवास आणि येण्यासाठी वाहन द्यावे.

५) ग्रामीण डाक सेवकांना वैद्यकीय सवलत द्यावी.

रेल्वेत पीएनएम आहे, टपालात जेसीएम आहे. क्वार्टरची गळती आणि बदल्यांचे प्रश्न आपण तेथे नेतोच. आता प्रत्येक शाखेने कॉल रजिस्टर हा विषय अजेंड्यावर घ्यावा. गेल्या तीन महिन्यांत रात्री दहानंतर किती कॉल दिले आणि डॉक्टर किती मिनिटांत आले, एवढीच माहिती लेखी मागावी. माहिती मिळाली तर चर्चेला आधार मिळेल. रजिस्टरच नाही असे उत्तर आले, तर तेच उत्तर लेखी घ्यावे. पुढची लढाई त्या कागदावर लढता येईल.

शेतमजुरांच्या संघटनेने एका सभासदासाठी लढून साऱ्या देशाला हक्क मिळवून दिला. आपण तर देशातल्या सर्वात जुन्या संघटित कामगारांपैकी आहोत. व्हॅन १५ मिनिटांत निघते, कारण नियम लिहिलेला आहे आणि त्यावर कोणाची तरी नजर आहे. कॅज्युअल्टीसाठीही तोच नियम लिहून घेऊ आणि त्यावर नजर आपण ठेवू.