सैल सांध्यांना झटका कशाला?

ज्यांचे सांधे जन्मजात सैल असतात, पोळ्या लाटतानाही ज्यांचा खांदा निसटतो, अशांसाठी कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं मणका 'बसवण्याची' उपचारपद्धती, वरदान आहे, असं एका गृहस्थांनी साताऱ्यात भर व्याख्यानात सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: सांधा सैल म्हणून मणका सरकतो, सरकतो म्हणून दुखतो, जागेवर बसवला की दुखणं जातं, डॉक्टर गोळ्या देऊन वाटेला लावतात, आम्ही हात लावतो, आणि हे सगळं नैसर्गिक आहे. शेवटचा मुद्दा आधी निकालात काढतो. 2019 साली कृष्णेला आलेला पूरही, अलमट्टी धरणाचा वाद बाजूला ठेवला तर, नैसर्गिकच होता. सांगलीकरांनी त्याचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही.

आता मणका 'बसवणं'. मान धरून दिलेला झटका, मग 'कट्' असा आवाज, मग रुग्णाच्या चेहऱ्यावरचं हसू. सांगली ही नाट्यपंढरी. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं त्या मुलखाला आवाजाचं मोल कुणी शिकवायला नको. पण तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकाएकी उतरतो, त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच, आणि बोटं मोडून दिल्याबद्दल अजून तरी कुणी पावती फाडत नाही.

'पण बरं वाटतं ना?' वाटतं. का वाटतं, ते मात्र व्याख्यानात आलं नाही. सैल सांध्यांच्या माणसांचे अस्थिबंध मुळातच जास्त ताणले जातात. मग सांधा धरून ठेवण्याचं काम आजूबाजूच्या स्नायूंवर पडतं आणि ते दिवसरात्र आवळून बसतात. पुष्कळदा दुखतं ते हे आवळलेपण. झटक्यानं स्नायू घटकाभर सैलावतात, हायसं वाटतं. पण त्या घटकेत सांध्याचा उरलासुरला आधारही गेलेला असतो. स्नायू पुन्हा आवळतात, आणि पुढच्या आठवड्याची वेळ तर आधीच देऊन ठेवलेली असते. बाजेची दोरी सैल पडली तर माणसं ती ओढून आवळतात; बाज गदागदा हलवून 'बसली' म्हणत नाहीत.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, यावरून तरुणपणी मी घरातल्या वडीलधाऱ्यांशी पुष्कळ भांडलो. तेव्हाही उत्तर हेच: 'अरे, पण बरं वाटतं ना?' तेच उत्तर आता टाय बांधून आलं आहे. फरक एवढाच की पायाळूची लाथ फुकट असे आणि तो दहा बैठकांचं पॅकेज विकत नसे. तालमीतला हळदीचा लेप लावणारा हाडवैद्यही मला यापेक्षा बरा वाटतो. निखळलेला खांदा आणि न निखळलेला खांदा यांतला फरक निदान त्याच्या हाताला कळे.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म 1895 चा, अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टचा. चुंबकोपचार करणाऱ्या पामर नावाच्या गृहस्थांनी एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी कथा आहे. त्याच्या आदल्याच वर्षी मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं होतं. तिकडे मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होत, मणका दाबून दृष्टी येत नसे.

मानेच्या झटक्याबद्दल एकच ओळ पुरे: एहलर्स-डॅनलॉस या सैल सांध्यांच्या जन्मजात विकाराच्या एका प्रकारात धमन्याच नाजूक असतात, आणि मानेतली धमनी चिरली तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

डॉक्टर ऐकून घेत नाहीत, हा आरोप मात्र मला खोडता येत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नकोस' एवढं ऐकून परत आलेल्या मुलीला पाऊण तास आपलं ऐकणारा माणूस देवासारखा वाटणारच. पण ऐकून घेणं हा त्याचा गुण झाला, झटक्याचा नव्हे.

मग करायचं काय? फारसं दिमाखदार काही नाही. आधी सांधे किती जास्त वळतात हे पाहणारी बेटन मोजणी: दोन्ही करंगळ्या, दोन्ही अंगठे, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे आणि गुडघे न वाकवता जमिनीला टेकणारे तळहात, असे नऊ गुण. प्रौढ माणसाला पाच किंवा अधिक मिळाले तर पुढची तपासणी. मग सैल सांधे ओळखणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे स्नायू बळकट करणारे व्यायाम, सांधा टोकापर्यंत न ताणता, महिनोन्महिने. कंटाळवाणं आहे, आवाजही येत नाही. साध्या कंबरदुखीत कायरोप्रॅक्टिकचा थोडाफार उपयोग होतो, ते मान्य. एखादा कायरोप्रॅक्टर झटका न देता, हलक्या हातानं काम करत असेल आणि आधी ही मोजणी करत असेल, तर त्याच्याशीही माझं भांडण नाही.

तुमच्या मुलीचा अंगठा मागे वळून मनगटाजवळ हाताला टेकत असेल, तर तिच्या मानेला हात घालायला निघालेल्या माणसाला आधी एवढंच विचारा: नऊपैकी किती? त्याला प्रश्नच कळला नाही, तर मुलीला घेऊन घरी या.