सल्लागार बदलला तरी जबाबदारी आपलीच

भिवंडीच्या कापड बाजारात एक वाक्य नेहमी कानावर येते, "ते जुन्या टॅक्सवाल्याच्या वेळचे आहे, त्यालाच विचारा." चहा पिताना हे बोलणे खपते, कर अधिकाऱ्यासमोर खपत नाही. रिटर्न कोणीही भरले असो, ते आपल्या पेढीच्या नावाने भरलेले असते आणि नोटीसही त्याच नावाने येते.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. २०२१ साली फीवरून बोलाचाली झाली आणि मी कर सल्लागार बदलला. त्यांची बाकी मी अडवली, त्यांनी माझ्या फायली अडवल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये २०१७-१८ सालच्या जीएसटीची नोटीस निघाली. पोर्टलवर मोबाईल आणि ई-मेल जुन्या सल्लागारांचाच होता. मला पत्ता लागला तेव्हा उत्तराच्या मुदतीचे नऊच दिवस उरले होते. पोर्टलवर टाकणे हाही नोटीस बजावण्याचा एक मार्ग कायद्यात आहे. तेव्हा "मला कळलेच नाही" या सबबीवर विसंबून राहता येत नाही.

सूतखरेदीवर आम्ही घेतलेले क्रेडिट आणि पोर्टलवर दिसणारे क्रेडिट यांत तफावत होती. नवे सल्लागार म्हणाले, "कागद नाहीत, भरून मोकळे व्हा." व्यवहार खरा असताना दोनदा कर का भरायचा? शेवटी मान खाली घालून जुन्या सल्लागारांकडे गेलो, बाकी चुकती केली. त्यांनी दहा मिनिटांत उलगडा केला. सूतवाल्याने आमचा जीएसटी क्रमांक न टाकता ती बिले किरकोळ विक्रीत दाखवली होती.

२०१७-१८ व २०१८-१९ या दोन वर्षांच्या अशा तफावतीसाठी २७ डिसेंबर २०२२ चे परिपत्रक आहे. एका पुरवठादाराकडील वर्षाची तफावत पाच लाखांपर्यंत असेल तर त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र चालते, त्यापुढे सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचे लागते. आमची रक्कम पाच लाखांच्या आत होती. सूतवाल्याचे प्रमाणपत्र, बिले, बिल्टी आणि बँकेचा उतारा जोडून उत्तर दिले. मागणी रद्द झाली.

व्यापारी बांधवांना माझे सांगणे एवढेच. सल्लागार बदलताना आधी त्याची फी द्या आणि दप्तर यादी करून ताब्यात घ्या. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ते जपणे कायद्याने बंधनकारक आहे. पोर्टलवर स्वतःचा मोबाईल व ई-मेल नोंदवा, पासवर्ड बदला. जुने अधिकारपत्र लेखी रद्द करून नवे द्या. नोटीस आलीच तर घाईने पैसे भरू नका आणि गप्पही बसू नका. कागद जमवायला वेळ हवा असेल तर कारण देऊन लेखी मुदत मागा. सुनावणी जास्तीत जास्त तीन वेळा तहकूब करण्याची तरतूद आहे. जुन्या सल्लागाराकडून माहिती घ्या, उत्तर नव्याकडून लिहून घ्या, पण सही करण्यापूर्वी ते स्वतः वाचा.

सल्लागार मंडळींनाही एक विनंती. फीचा तगादा जरूर लावा, पण ग्राहकाचे दप्तर ही अमानत आहे, ते ओलीस धरू नका. माझी बाकी नोटिशीतल्या मागणीपुढे किरकोळ होती. ती वेळेवर दिली असती, तर ते नऊ दिवस झोप उडाली नसती.