आजारावर गांजा: पान चालतं, फूल नाही, आणि कुंडीतलं रोप तर सगळ्यात महागात

वाळूज एमआयडीसीत पॉवर प्रेसवर उभं राहून कंबर धरलेल्या माणसाला सल्ला सहज मिळतो: पेनकिलरनं किडनी जाईल, त्यापेक्षा थोडा गांजा घे. मोबाईलवर ‘कॅनाबिस ऑइल’च्या जाहिराती दिसतात, त्यामुळे हे कायदेशीरच असावं असंही वाटतं. खरा घोळ इथेच आहे.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याची राळ. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. भांग सुटते ती यामुळे. (महाराष्ट्रात तिच्यावरही १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं बंधन आहे, त्यामुळे ‘भांग सगळीकडे चालते’ हे इथे खरं नाही.) आयुर्वेदात याच पानांना ‘विजया’ म्हणतात. जाहिरातीतली कायदेशीर तेलं विजयाचीच असतात, आणि ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना त्यांच्या लेबलवर सक्तीची आहे.

पण शेंडे हातात सापडले, तर ‘मी आजारी आहे’ म्हणून सूट नाही. वैद्यकीय वापराला कायद्यात जागा आहे, पण ती परवान्यातून. एक किलोपर्यंत गांजा बाळगला तर एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाजारातला माल नको म्हणून कुणी गच्चीवर एखादं रोप लावलं, तर मात्र कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लागवडीला ‘अल्प प्रमाणा’ची सवलतच नाही. चांगल्या हेतूनं केलेली गोष्ट जास्त महागात पडते, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

मग औषधी गुण खोटे का? नाही. अमेरिकेच्या एफडीएनं जून २०१८ मध्ये मुलांच्या दोन दुर्मिळ फिट्सच्या आजारांवर सीबीडीचं औषध मंजूर केलं. सीबीडी हा याच झाडातला, नशा न आणणारा घटक. पण ते औषध शुद्ध केलेलं असतं, वजनानुसार मोजून देतात आणि यकृताच्या तपासण्या करतात. पुडीतल्या गांजात नशा आणणारं टीएचसी किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. टीएचसीमुळे हात-डोळ्यांचा मेळ मंदावतो. पॉवर प्रेसवर एवढ्यानं बोटं जातात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर सीबीडीमुळे त्याचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका असतो.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गांजाला सर्वात कडक यादीतून काढलं. २७ विरुद्ध २५ असं मतदान झालं, भारतानं बाजूनं मत दिलं. ‘आता जगानं मान्य केलं’ अशा पोस्ट तेव्हापासून फिरतात. प्रत्यक्षात गांजा दुसऱ्या नियंत्रित यादीत आजही आहे आणि भारतातली कलमं तशीच आहेत.

कॅन्सरच्या वेदनांसाठी कायदेशीर वाट आहे. मॉर्फिनसाठी राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी देशभर एकच नियम झाला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवणाऱ्या कुटुंबानं तिथे मॉर्फिनबद्दल थेट विचारावं. आणि कुणी आधीच गांजा घेत असेल, तर ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञाला सांगावंच, कारण नियमित घेणाऱ्याला भूल जास्त लागू शकते.