जीव वाचवण्याची विद्या कुलपात का?

29 सप्टेंबर 2017. मुंबईत एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर 23 माणसे चेंगरून, गुदमरून मेली. जखमींना महापालिकेच्या केईएम रुग्णालयात नेले. ते तिथून जवळच. लोक मदतीला धावलेच होते. पण त्या हातांनी नेमके करायचे काय, हे त्यांना शिकवले कोणी होते?

हृदय बंद पडले की चार-पाच मिनिटांत मेंदू मरू लागतो. परळच्या रहदारीतून तेवढ्यात रुग्णवाहिका येते काय? छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवा, कोपर ताठ ठेवा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. विद्या एवढीच आहे! आणि तीही या शहराने आपल्या माणसांपर्यंत पोहोचवलेली नाही.

आपत्कालीन आणि अतिदक्षता वैद्यकाचे शिक्षण इंटरनेटवर सर्वांना फुकट द्यायचे, या चळवळीला 2012 साली नाव मिळाले. आज ईसीजी वाचण्यापासून व्हेंटिलेटर लावण्यापर्यंत सारे मोबाइलवर मिळते. मिळते ते इंग्रजीत. परळच्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमचे नियतकालिक 1955 पासून निघते, नेटवर खुले आहे. त्याचा अभिमान आहेच. पण तेही इंग्रजीत. कॅज्युअल्टीबाहेर बसलेल्या लालबागच्या आईने ते वाचायचे कसे? मराठीत शोधावे तर सुटे व्हिडिओ हाती लागतात. कोणी बनवले, कोणत्या डॉक्टरने तपासले, पत्ता नाही.

अध्यापक भारतीयच हवेत, या अटीवर मिळालेल्या देणगीतून हे कॉलेज उभे राहिले. गोऱ्या सत्तेपुढे ताठ उभी राहिलेली ही संस्था आपल्याच लोकांच्या भाषेपुढे मुकी राहते, ही लाजेची गोष्ट आहे! मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पुढाऱ्यांनी पेढे वाटले. मरणाऱ्याची छाती दाबायला शिकवता येत नसेल तर तो दर्जा काय चाटायचा?

महापालिकेने केईएम, नायर, सायन रुग्णालयांच्या अध्यापकांकडून मराठी धडे तयार करून घ्यावेत: छोटे, तपासलेले, तारीख घातलेले, फुकट. गिरगाव ते लालबाग प्रत्येक गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याला ते गर्दी लोटण्यापूर्वी सरावाच्या पुतळ्यावर करून दाखवावेत. कार्यकर्त्यांनो, वर्गणीची पावतीपुस्तके छापण्याआधी तुमच्या वॉर्ड ऑफिसात जा आणि हे शिक्षण लेखी मागा.