काळीवरचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्याने प्रथम काढली त्याला एक तिसरा प्रकार ठाऊक नसावा. दुसरा बांधत असलेले घर एका रात्रीच्या अंतरावर बसून रोज पाहणे, हा तो प्रकार. गेले सहा महिने मी हेच करीत आहे. घर धर्माबादला होत आहे. बांधतो आहे माझा धाकटा भाऊ. राहणार आहेत तो, त्याची बायको, दोन मुले आणि आमची आई. मी मुंबईत चौथ्या मजल्यावर बसून फोनवर आलेली छायाचित्रे बोटांनी मोठी करकरून पाहतो आणि सल्ले देतो. सल्ल्याला सिमेंट लागत नाही.

धर्माबाद ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. नांदेडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे आमचे शेवटचे मोठे स्टेशन. पुढचे बासर, सरस्वतीचे, ते तेलंगणात. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तोपर्यंत हा सगळा एकच मुलूख होता, हैदराबाद राज्याचा. त्यामुळे आमच्याकडे माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात तेलुगू बोलतो आणि भांडण जुंपले की दख्खनी हिंदीवर येतो. गाव प्रसिद्ध आहे ते लाल मिरचीसाठी. हंगामात स्टेशनावर उतरलेला पाहुणा आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो. फोनवरच्या छायाचित्रांत हा ठसका येत नाही, एवढीच त्यांतली उणीव.

आमचे जुने घर गावठाणात आहे. माळवदाचे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरासारखा गारवा दुसरीकडे नाही. पण माळवद म्हणजे दर वर्षी मृगाआधी नवी माती चढवणे आले, आणि जुनी काढून मग नवी घालण्याचा उद्योग कोण करतो? थरावर थर बसत जातो. चुलत्यांच्या वाटण्या होऊन आमच्या वाट्याला तीन खण आले, त्यांतल्या एका तुळईला वाळवी लागली. तेव्हा भावाने गावाबाहेर तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला. पूर्वी त्या जागी कापूस होत असे. यंदाच्या अक्षय तृतीयेला भूमिपूजन झाले. नारळ फोडतानाचे छायाचित्र माझ्याकडे आहे. नारळाशेजारी जमिनीला पडलेली भेग त्यात दिसते. तिच्यात माझा हात कोपरापर्यंत सहज गेला असता.

ती भेग मी पाहिली आणि विसरलो. इंजिनिअर विसरला नाही.

जुन्या माणसांच्या बोलण्यात गावच्या जमिनीचे दोन भाग असत: पांढरी आणि काळी. पांढरीत वस्ती करायची, काळीत पेरायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गाव-गाडा'त हे दोन शब्द भेटतात. शाळेत असताना मला वाटे की हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे. इंजिनिअरने फोनवर मला जे पाऊण तास सांगितले त्यावरून कळले की त्यात शहाणपण होते. काळ्या मातीत एक खनिज असते, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते. पाऊस पडला की ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. कापसाला ते मानवते, भिंतीला मानवत नाही. पाया जर या मातीतच थांबवला तर घर दर पावसाळ्यात वर उचलले जाते आणि दर वैशाखात खाली बसते. तेही सगळीकडे सारखे नाही. कडेची माती आधी भिजते, मधली कोरडी राहते. मग भिंतीच्या कोपऱ्यांतून आणि खिडक्यांच्या टोकांपासून तिरक्या चिरा जातात. घर जितके हलके तितका हा त्रास जास्त, कारण मातीला दाबून ठेवायला वजन नसते. आमच्या नव्या वसाहतीत दोन वर्षांपूर्वी रंग दिलेल्या बंगल्यांवर अशा चिरा मी स्वतः पाहिल्या आहेत. मालकांनी त्यांवर लांबी भरून पुन्हा रंग दिलेला असतो आणि पुढच्या ज्येष्ठात त्या पुन्हा हसत असतात.

उपाय दोन. एक म्हणजे खोल भोक पाडून, तळाशी फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब ओतायचा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. दुसरा आपला साधा: मुरूम लागेपर्यंत खणत जायचे, काळी माती उचलून फेकायची, मुरुमावर फुटिंग घ्यायचे आणि खड्डा मुरमाने, थराथराने पाणी मारून चोपत भरायचा. भावाच्या मनात चार फूट होते. चार फुटांवर काळी. सहा फुटांवर काळी. रोज संध्याकाळी एक छायाचित्र येई: खड्डा, खड्ड्यात उभा माणूस, आणि माणसाचा दिसणारा भाग रोज थोडा कमी. नऊ फुटांवर मुरूम लागला तेव्हा फक्त टोपी दिसत होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. या घरावर वरच्या मजल्याची एक खोली व्हायची होती. ती माझी. निवृत्तीनंतर मुंबई सोडावी आणि तिथे बसून मिरचीच्या बाजाराकडे पाहत लिहावे, असा माझा बेत होता आणि त्यासाठी मी पैसेही पाठवले होते. ते पैसे त्या पाच जादा फुटांत आणि मुरमाच्या ट्रॅक्टरांत गेले. भावाने हे मला तीन दिवस सांगितले नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, ''दादा, तुझी खोली झाली बरं का. फक्त खाली झाली.'' मी आठ दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही. खालचा पाया कोणाला दिसतो, असेही मी त्याला म्हणालो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने म्हणू नये असे ते वाक्य होते.

आई या सगळ्यात काय म्हणत होती? काहीच नाही. तिने फक्त जुन्या अंगणातल्या कडुनिंबाचे एक रोप नव्या प्लॉटवर न्यायचे ठरवले होते. इंजिनिअरने तेही मोडून काढले. झाड मुळांनी मातीतले पाणी ओढते, माती आक्रसते, पाया एका बाजूने बसतो. झाड जितके उंच होणार तितके ते घरापासून दूर हवे. तीस फुटी प्लॉटवर कडुनिंब लावायला शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात खड्डा घ्यावा लागला असता. आईने तुळशीवर समाधान मानले. पण तिच्या गप्प राहण्याचे कारण झाड नव्हते, हे आम्हा दोघा भावांना माहीत होते.

आईचे माहेर औसा तालुक्यातले, किल्लारीपासून दोन कोसांवर. १९९३ ची अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. इकडे धर्माबादला मांडणीवरची भांडी वाजली आणि आम्ही जागे झालो, इतकेच. तिकडे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावेच्या गावे बसली; आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, असे सरकारी आकडे सांगतात. भूकंपाच्या नकाशात तो भाग त्या वेळी सर्वांत निर्धास्त पट्ट्यात होता. माणसे मेली ती घरांखाली. दोन-तीन फूट रुंद भिंती, बाहेरून एक दगड, आतून एक दगड, मध्ये भर. दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड नाही, सांध्यात नुसती माती. आणि वर माळवद, ज्याच्यावर दर वर्षी एक थर चढत आलेला. माझी मामी त्याखाली गेली. मामा ओसरीवर झोपले होते म्हणून राहिले.

त्या दिवसापासून आई छताखाली झोपत नाही. उन्हाळ्यात अंगण, पावसाळ्यात ओसरीची कड, थंडीत तीच कड आणि दोन गोधड्या. डॉक्टरांनी सांगून झाले, आम्ही सांगून झालो. भाऊ नवे घर बांधतो आहे ते माळवद गळते म्हणून, असे तो लोकांना सांगतो. मला त्याने खरे कारण एकदाच सांगितले: आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे आणि गेल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला होता.

श्रावणात कॉलम उभे राहू लागले. एका रात्री छायाचित्र मोठे करून पाहताना माझ्या लक्षात आले की उभ्या सळ्यांभोवती ज्या चौकोनी रिंगा बांधतात त्यांची टोके नुसती काटकोनात वळवलेली आहेत. मी यातला जाणकार नव्हे. पण किल्लारीनंतर आमच्याकडच्या प्रत्येक घरात निदान एक माणूस याविषयी चार पाने वाचून बसलेला असतो. टोक काटकोनात असेल तर हादऱ्यात वरचे काँक्रीट निखळल्यावर रिंग उघडते आणि उभी सळई बाहेर फुगते. टोक आणखी आत, तिरपे वळवून खांबाच्या गाभ्यात घुसवायचे असते. काम एवढेसेच. पण शेकडो रिंगा, आणि प्रत्येक टोकाला मनगटाचा एक जादा हिसका. मी भावाला सांगितले, भावाने मेस्त्रींना सांगितले. मेस्त्री निजामाबादकडचे, तीस वर्षे या कामात. ते म्हणाले, ''मुंबईच्या साहेबांना म्हणावं, या इकडं आणि बांधा.'' वाजवी उत्तर होते. भावाने आग्रह धरला तेव्हा ते काम सोडून जायच्या गोष्टी करू लागले. ऐन हंगामात मेस्त्री गेला तर दुसरा मिळायला दिवाळी उजाडते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई चहाची किटली घेऊन प्लॉटवर गेली. तिला आम्ही काही सांगितले नव्हते; फोनवरचे बोलणे तिने ऐकले असणार. भाऊ सांगतो, ती सिमेंटच्या पोत्यावर बसली, मेस्त्रींना ''नायना'' म्हणून हाक मारली आणि तेलुगूत बोलू लागली. भाऊ वाळू मोजत होता, त्याला अर्धेच ऐकू आले. रिंगांविषयी ती एक शब्द बोलली नाही. मामीविषयी बोलली. मामी पुरणपोळी कशी लाटायची, अनंताच्या पूजेला तिने त्या वर्षी कोणते लुगडे नेसले होते, तिला शोधायला किती वेळ लागला. मेस्त्रींनी चहा पिऊन कप विसळून ठेवला आणि ते कामाला लागले. ते काही बोलले नाहीत.

त्या रात्री मला छायाचित्र आले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले: एकच रिंग, अगदी जवळून, टोके आत वळलेली. खाली एकही अक्षर नव्हते. मी ते कितीतरी वेळ पाहत बसलो. मेस्त्रींनी बांधलेल्या सगळ्या रिंगा सोडवून पुन्हा वळवल्या होत्या, आणि त्या दिवसाची जादा मजुरी घेतली नाही, हे मला नंतर कळले. घेतली असती तरी ती वाजवीच होती.

स्लॅब पडला तो गणपतीनंतर. रात्री अकरापर्यंत मिक्सर चालू होता. मी देवगिरी एक्स्प्रेसने मुद्दाम गेलो होतो आणि घमेले उचलण्याचा हट्ट धरून दोनदा वाटेत आलो. दुसऱ्या दिवसापासून पाणी. आमच्याकडे मिरचीच्या रोपांना घालतात तसे वाफे स्लॅबवर घालून त्यांत पाणी तुंबवतात, तीन आठवडे. सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज आहे. ते पाण्याशी मिळून घट्ट होते आणि लवकर वाळले तर कच्चे राहते. आई रोज पहाटे जिन्याखाली उभी राहून ''नीळ्ळु, नीळ्ळु'' म्हणून हाका मारी. नीळ्ळु म्हणजे पाणी. मला गंमत वाटली. ज्या तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलैला उघडायचे आणि २९ ऑक्टोबरला लावायचे हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाला ठरवून द्यावे लागले, तिथे आमच्या स्लॅबवरचे पाणी मात्र एकट्या आईच्या हुकमाने साठत होते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा गिलावा झालेला नसेल. फरशी नाही, रंग नाही, वास्तुशांत मार्गशीर्षात. वरती माझ्या खोलीच्या जागी चार सळ्या आकाशाकडे पाहत आहेत. पुढेमागे पाहू, असे भाऊ म्हणतो. मी त्याला आता काही विचारत नाही.

खालचे टेकू परवा काढले. काल रात्री भावाने एक छायाचित्र पाठवले आहे. उघड्या विटांची खोली, वर स्लॅबच्या फळ्यांचे वण, आणि खाली आईची बाज. तिनेच ती रिक्षात घालून आणवली. बाज जवळजवळ सगळी आत आहे. उशी तेवढी दाराच्या चौकटीत आहे. दार अजून बसायचे आहे. सुतार उद्या येतो म्हणाला होता, पण आईने त्याला दिवाळीनंतर यायला सांगितले आहे.